आखाड्यामागं

चंद्रभान खंदारे यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या कामासाठी. परभणी जिल्ह्यातल्या बोरीपासून पाच-सहा मैलांवरच्या त्या गावात १९८३ च्या जूनमध्ये मी भूगोल शिकवायला लागलो होतो. माझं घर सांगली जिल्ह्यात. इकडं ओळखीचं कोणी नव्हतं. पूर्णा आणि गोदावरीचं खोरं मुलांना उठावाच्या नकाशावर दाखवावं असं मनात होतं. असा नकाशा कोण करून देईल, म्हणून लिंबाजीच्या हॉटेलात चौकशी केली. लिंबाजी चहा गाळता गाळता म्हणाला,

"मिल्ट्रीला इचारा की. त्यांनी अख्खं पाकिस्तान घरात बांधलंय."

बाकावरचे हसले. "बांधतेत अन् रोज जिंकतेत," एकजण म्हणाला. "दुसरं कुणी खेळायलाच नसतंय, मग काय हारतेत?"

घर कुठल्या बाजूला ते मात्र कोणी लगेच सांगेना. शेवटी लिंबाजीनेच हातातल्या गाळणीने दिशा दाखवली. हॉटेलातलं कोणी त्या बाजूला जात नसे. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून जे झालं, त्यात त्या वस्तीतली चार घरं जळाली होती. त्यातलं एक चंद्रभान यांच्या थोरल्या भावाचं. भाऊ बायको-मुलं घेऊन औरंगाबादला गेला तो परत आला नाही. त्याआधी चंद्रभान यांच्या ओट्यावर संध्याकाळी गावातली दहा माणसं लढाईच्या गोष्टी ऐकायला बसत, असं मला पुढे कळलं. त्यानंतर कोणी बसलं नाही. कोणी त्यांच्याशी भांडलं असंही नाही. येणं थांबलं, एवढंच.

मी गेलो तेव्हा ते ओट्यावर एकटेच भिजलेला कागद कुटत होते. पंचेचाळिशीचा, ताठ, बारीक कापलेल्या केसांचा माणूस. मी नमस्कार केला.

"जयभीम. या गुरुजी." त्यांनी हात धुतले आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "उंची कितीला किती धरायची?"

ह्या माणसाला काम कळतं हे तिथंच समजलं. पंधरा दिवसांत त्यांनी नकाशा शाळेत आणून दिला.

ते पलटणीत असताना त्यांचं कामच ते होतं. हल्ल्याआधी जवानांना समजावून सांगायला जमिनीवर वाळूचा नकाशा करतात. टेकडी, नाला, गाव, सगळं मापात. तो चंद्रभान करत. पुढे वायरलेसवर गेले, हवालदार झाले आणि पंचाहत्तर साली पेन्शन घेऊन गावी आले. बायको मनकर्णाबाई ऐंशी साली वारल्या. मुलगी पंचफुला राणीसावरगावला दिलेली. शेजारची चुलत वहिनी बायनाबाई दोन वेळची भाकरी आणून देई आणि भाकरीबरोबर दोन शब्दही सुनावून जाई.

घरात मधल्या खोलीत एक जुनं दार चार खांबांवर आडवं ठेवलेलं होतं. दाराची एक कड काळी पडलेली होती. ते भावाच्या घराचं दार होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, बायनाबाईने सांगितलं. त्या दारावर एक गाव होतं.

मी कितीतरी वेळ नुसता पाहत राहिलो. काड्यापेटीएवढी मातीची घरं, त्यांना दारं, एका घरावर शेणीसुद्धा रचलेल्या. केरसुणीच्या काड्या रोवून केलेला ऊस. तुरीची वाळलेली मुळं उलटी खोचून केलेली झाडं. सुताराकडचा भुसा हिरवा रंगवून पसरलेला गहू. गावामागून जाणारा कालवा म्हणजे काचेची पट्टी, तिला खालून निळा रंग. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला जे डबे येतात, त्यातला उरलेला रंग ते जिंतूरच्या दुकानातून आणत.

"आपली माती चालत न्हाई," ते म्हणाले. "काळी वाळली की भेगाळती. तिकडली माती पिवळट. गावाजवळची पांढरी आणली, त्यात गेरू, थोडा डिंक, कागदाचा लगदा. तीन सालं गेली रंग जमायला."

"कुठलं गाव हे?"

"सरहद्दीवरलं. एकाहत्तरचं." नाव त्यांनी सांगितलं नाही.

एक वीत म्हणजे शंभर पावलं. आपले जवान म्हणजे चिंचोके, आणि पलीकडचे म्हणजे फोडून पांढरे केलेले चिंचोके. गोळी लागली की नाही ते कवड्या टाकून ठरायचं. पाचातल्या चार उताण्या पडल्या की जवान गेला. उसात असला तर पाचही लागत. टेबलाच्या दोन बाजूंना दोन स्टुलं होती. ते एका बाजूला बसून आपली चाल करत, मग उठत, टोपी काढून खुंटीला लावत, दुसऱ्या बाजूला जाऊन बसत आणि पलीकडच्यांची चाल करत. मग पुन्हा उठून टोपी घालत. अशी पाच वर्षं.

"भाऊजी, टोपी तरी एक दुसरी घ्या," बायनाबाई म्हणे. "उठा-बशा काढून मरताल एखाद्या दिवशी."

मी संध्याकाळी जाऊ लागलो. खोलीवर मीही एकटाच होतो. मला पलीकडची बाजू मिळाली आणि टोपीच्या फेऱ्या थांबल्या. खेळायला तसा मी कच्चा. वीटभट्टीवर माझी मशीनगन होती, तिच्या जोरावर कधीकधी जिंकत असे. पण मी जिंकलो काय, हरलो काय, त्यांना त्यात रस नव्हता. प्रत्येक डावाच्या शेवटी ते एकच चिंचोका उचलून हातात धरून बसत. त्याला खाली तांबडा ठिपका होता.

"ह्यो तात्याबा," एकदा त्यांनी सांगितलं.

तात्याबा खरात, सातारा जिल्ह्यातला, दहिवडीकडचा. नाईक. दोघं एकाच वर्षी भरती झाले, दहा वर्षं एका बराकीत राहिले. त्या सकाळी तात्याबा दोन जवान घेऊन उसात होता. उसातून त्याला काही दिसत नव्हतं. चंद्रभान कालव्याच्या बांधावर होते. त्यांना गाव दिसत होतं, शेतं दिसत होती, वीटभट्टीवरची मशीनगनही दिसत होती. ते वायरलेसवर तात्याबाला वाट सांगत होते. मराठीत, कारण हिंदी-पंजाबी पलीकडच्यांनाही कळते.

"मी त्याला बरोबर जागा सांगितली. गोळी पोचणार न्हाई अशी. मागं कडब्याच्या गंजी, म्होरं भित्ताड. त्यो 'समजलं' म्हणला. वायरलेसवर माझ्या कानानं ऐकलं मी, 'समजलं चंदू.' अन् उसातून निघाला ते उलट्या बाजूला. गावाकडं. मी वरडत राहिलो. त्यानं कानाचं काढून ठिवलं असंल, पळताना."

मशीनगनने त्याला गावाच्या कडेला टिपलं. मागचे दोघे जखमी होऊन वाचले. त्यांनी वायरलेस ऐकलं नव्हतं. त्यांना फक्त तात्याबाचा हात गावाकडं वळलेला दिसला होता. पुढे साहेबाने चौकशी केली तेव्हा चंद्रभान यांनी खरं ते सांगितलं: जागा बरोबर सांगितली, जवान दुसरीकडं गेला. कागदावर ते 'हुकमाविरुद्ध' असं उतरलं. त्या दोघांतला एक साताऱ्याकडचाच होता. तो सुट्टीवर गेला आणि तात्याबाच्या गावात बोलणं पोचलं. कोणी म्हणालं घाबरला, कोणी म्हणालं गावात लुटायला निघाला होता. बायको होती, हौसाबाई. मूलबाळ नव्हतं.

"का गेला तिकडं, तेवढं कळलं पायजे," चंद्रभान म्हणाले. "त्यो घाबरनारा न्हवता. लुटनारा तर न्हवताच. मग मी काय सांगू तिला? माझ्या तोंडानंच तर कागद झाला. काय तर कारण असंल. ऊस लय उंच असंल, त्याला उजवं-डावं कळलं नसंल. धूर असंल."

म्हणून ते दार. ऊस किती उंच होता हे ते काड्या कापून कापून पाहत. बांध अर्ध्या बोटाने वर-खाली करत. टेबलाशी गुडघे टेकून, एक डोळा मिटून, उसाच्या मुळापासून तात्याबाला काय दिसलं असेल ते पाहत. पाच वर्षांत त्यांनी ते गाव तीनदा मोडून बांधलं होतं. इतकं बारीक काम मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. पण त्या सगळ्या कारागिरीतून तात्याबा दरवेळी बरोबर जागीच पोचायचा, कारण त्याला हलवणारा हात चंद्रभान यांचा होता.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीला दहा-बारा दिवस असताना, ते मला म्हणाले, "आज तुमी तात्याबा व्हा. तुमी बी त्याच्याच मुलखातले. मी पाठ फिरवून बसतो. त्या दिवशी मला त्यो उसात दिसत न्हवता, तसंच."

ते भिंतीकडं तोंड करून बसले. मी तांबड्या ठिपक्याचा चिंचोका उसाच्या कडेला ठेवला. त्यांनी डोळे मिटले असावेत. आवाज बदलला, भराभर आणि दबका झाला.

"तात्याबा, ऐकू येतंय का?"

"येतंय," मी म्हणालो.

"भट्टीवर गन हाय. सरळ येऊ नको. आखाड्यामागं जा, तिथं थांब. समजलं?"

"समजलं."

मी चिंचोका उचलला आणि नेऊन ठेवला. गावाच्या कडेला पिंपळाखाली एक गोल खळगा केलेला होता, बोटभर खोल. त्यातली माती तांबूस, भुसभुशीत. ती मऊ राहावी म्हणून ते तिच्यात गोडं तेल मिसळत. सांगलीकडच्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. त्याच्या मागे चिंचोका ठेवून मी म्हणालो, "पोचलो."

ते वळले. टेबलाकडं बघितलं.

"गुरुजी, तिथं कशाला नेला?"

"तुम्हीच म्हणालात ना, आखाड्यामागं."

"मग ह्यो काय हाय?" त्यांचं बोट दुसऱ्या टोकाला गेलं. शेतात एक छपराचं बांधकाम होतं, पुढे भिंत, मागे कडब्याच्या गंजी, दावणीला दोन मातीचे बैल.

"हा गोठा. शेतातला गोठा."

"गोठा?"

"आमच्याकडं आखाडा म्हणजे कुस्तीचा. हा इथला."

त्यांचं बोट तसंच हवेत राहिलं. मला अजून काही उमगलं नव्हतं. शाळेतली मुलं गैरहजर राहिली की 'आखाड्यावर होतो गुरुजी' असं सांगत, आणि पाच महिने मी ह्या गावाला कुस्तीचा केवढा नाद आहे म्हणून कौतुक करत होतो. इकडं शेतातल्या गोठ्याला, बैलं बांधायच्या आणि राखणीला राहायच्या जागेला आखाडा म्हणतात, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनाही दुसरं काहीतरी त्याच क्षणी कळलं.

ते खाली बसले. स्टुलावर नाही, जमिनीवर.

"आमी ह्याला हौद म्हणतो," ते म्हणाले. "तालमीचा हौद. आदल्या दिवशी गावातून गेलो, तवा त्यो ह्या हौदात उतरला होता. माती उचलून कपाळाला लावली. मला म्हणला, चंदू, इथं पण मातीला तेल घालतेत बघ."

मी हौदामागचा चिंचोका उचलून परत उसाशी ठेवला.

"दहा वर्षं एका ताटात जेवलो गुरुजी. पर शेतातल्या गोठ्याचं नाव घ्यायचं काम कधी पडलंच न्हाई."

मग ते म्हणाले, "त्यानं ऐकलं होतं. त्यानं बरोबर ऐकलं होतं."

दोन दिवसांनी बायनाबाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. "काय केलं गुरुजी तुमी? भाकर तशीच ऱ्हायलीय टोपल्यात. त्या आडव्या दाराकडं बघत बसलेत. मी म्हणलं हारला असताल, होतंय तसं, तर माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं बोललेच न्हाई."

संध्याकाळी गेलो. मी म्हणालो, आपण हौसाबाईंना पत्र लिहू. पलटणीच्या कचेरीलाही लिहू.

"कचेरीला लिहा. तिला न्हाई." ते म्हणाले. "तिला वाचता येत न्हाई. कुणीतरी वाचून दाखवील, अन् निम्मं गिळील. मी जातो."

"मी सुट्टीत घरी निघालोच आहे. बरोबर जाऊ."

"तुमाला कशाला तरास," असं ते म्हणाले, पण नको म्हणाले नाहीत.

परभणीहून सोलापूर, तिथून पुढं दहिवडी. दीड दिवस एस.टी.त ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. एकदाच बोलले: "काय म्हणून हाक मारू तिला? वहिनी म्हणावं का? कधी बघितलं न्हाई मी तिला. फोटूत बघितलंय."

हौसाबाई जात्याजवळ बसून डाळ भरडत होत्या. चाळिशीच्या, काटक. चंद्रभान यांनी नाव सांगितलं तशा त्या थांबल्या.

"त्येंच्या पत्रात असायचं तुमचं नाव," त्या म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

चंद्रभान अंगणात उभे राहिले, दोन्ही हात बाजूला, साहेबापुढे उभं राहतात तसे. आणि त्यांनी सगळं सांगितलं. वायरलेस, ऊस, शब्द. एका शब्दाचे दोन अर्थ सांगताना त्यांचा आवाज चिरकला, पण थांबले नाहीत. "चूक माझी हाय. शब्द माझा हाय. त्यो हुकूम मोडून गेला न्हाई. हुकूम पाळूनच गेला."

हौसाबाईंनी जात्यावरचा हात काढला नव्हता.

"म्हंजी तुमचं ऐकूनच गेलं म्हणायचं त्ये."

"व्हय."

"घाबरून न्हाय."

"न्हाई."

त्या उठल्या. पदर नीट केला आणि शेजारच्या दाराकडं तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "ओ भावजी! भाईर या. वन्सं, तू बी ये. समद्यांनी या." माणसं जमली, आठ-दहा. दीर दारातच उभा राहिला. हौसाबाई चंद्रभान यांच्याकडं वळल्या. "आता सांगा. मगाशी सांगितलंसा तसंच. मोठ्यानं."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. ह्या वेळी आवाज चिरकला नाही.

दीर खाली बघत म्हणाला, "आमी काय मुद्दाम म्हणत न्हवतो, वैनी. लोकं म्हणत व्हती."

"लोकं म्हणत व्हती, आन् तुमी बारा वर्सं ऐकत व्हतासा," हौसाबाई म्हणाल्या.

माणसं हळूहळू पांगली. त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं, मला आणि त्यांना. मग चंद्रभान यांना म्हणाल्या, "तुमी आलासा, बरं केलंसा. कुणी आलं नसतं. मी तुमाला शिव्या देनार न्हाय. पर पुन्यांदा येऊ नगासा. तुमाला बघितलं की मला त्यो शबुद ऐकू येनार."

चंद्रभान यांनी मान हलवली. फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. तिथून माझी गाडी वेगळी, त्यांची वेगळी. त्यांची आधी आली. चढताना ते म्हणाले, "बरोबर म्हणली ती."

कचेरीला मी पत्र लिहिलं, त्यांनी सही केली. फेब्रुवारीत उत्तर आलं, एका ओळीचं: आपल्या जबाबाची नोंद मूळ कागदाबरोबर ठेवली आहे. चंद्रभान यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, वाचता येत असून. मग रजिस्टरने हौसाबाईंना पाठवलं. पोचपावती परत आली, तिच्यावर निळ्या शाईचा अंगठा होता. सोबत चिठ्ठी-चपाटी काही नव्हती.

दार तसंच होतं, पण चिंचोके डब्यात गेले होते. भुशाच्या गव्हावर धूळ बसायला लागली होती. मी सवयीने माझ्या स्टुलावर बसलो. ते समोर बसले. कवड्या काढल्या नाहीत.

"आता कशाला खेळायचं," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी त्याच्याबरूबर बसल्यासारखं व्हायचं. आता त्यो गेला."

बाहेर बायनाबाई कोंबड्या डालायला लागली होती. मला वाटलं काहीतरी विचारावं, आणि इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"दिसायला कसे होते तात्याबा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. उसाची उंची त्यांना अर्ध्या बोटापर्यंत सांगता येत असे. हे सांगायला वेळ लागला.

"ठेंगणा," ते म्हणाले. "मान जाड. म्होरचा एक दात कुस्तीत पडलेला, म्हणून हसताना तोंडावर हात धरायचा. बायकांसारखा. आमी चिडवायचो. झोपेत बोलायचा. हौसा, दार लाव, म्हणायचा. बराकीला दारच न्हवतं."

त्यांना हसू आलं आणि ते हसू कुठं ठेवावं ते कळेना. मी जायला उठणार तोच त्यांनी माझ्या हाताला हात लावला, पहिल्यांदाच.

"बसा जरा, गुरुजी. अजून लय हाय."